फेंटानिल, ओहायोचा सिनेटर आणि आपलं इंदूर

जुना_केमिस्ट (इंदूर)

राम राम मंडळी.

बत्तीस वर्षं मेडिकलचं दुकान चालवलं, एम.वाय. या मोठ्या सरकारी दवाखान्यापासून पायी पाच मिनिटांवर. आता तिथं मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो आणि मला सकाळच्या पोहे-जिलेबीनंतर वेळच वेळ असतो. त्यामुळे हा धागा लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

निमित्त झालं भाचीचं. ओहायोत कोलंबसला असते. परतीची बॅग भरताना जिरावणच्या पुड्या कुठे कोंबाव्यात म्हणून तिनं पर्स पलंगावर उपडी केली, तर त्यातून बोटाएवढी पांढरी पिचकारी पडली. मी म्हटलं, सर्दीची का गं? म्हणाली, "नाही मामा, नार्कन आहे. लायब्ररीत फुकट मिळतं. रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं, ओठ निळे झालेत, श्वास नाहीये, तर एका नाकपुडीत मारायचं आणि ॲम्ब्युलन्सला फोन करायचा." आयटीतली पोरगी. लिपस्टिक, घराची किल्ली आणि नार्कन, सगळं एकाच कप्प्यात.

औषध म्हणजे आपलं नालोक्सोन, हेरॉइनसारख्या नशेचा ओव्हरडोस उतरवणारं. माझ्या दुकानात त्याचे काचेचे ॲम्प्यूल असायचे. वर्षाला चार-पाच खपायचे, तेही भूलतज्ज्ञांना. ती पिचकारी मी बराच वेळ हातात घेऊन बसलो होतो. ती गेल्यावर वाचायला लागलो आणि तिच्या राज्याच्या एका सिनेटरपाशी येऊन थांबलो. रॉब पोर्टमन, रिपब्लिकन, २०११ ते २०२३ सिनेटमध्ये होता.

तिकडचा घोळ सुरू झाला तो आमच्यासारख्यांच्या काउंटरवरूनच. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन नावाची वेदनाशामक गोळी आली. हिचं व्यसन फारसं लागत नाही असं डॉक्टरांच्या गळी उतरवून ती खपवली गेली, आणि २००७ मध्ये त्याबद्दल कोर्टात गुन्हा कबूलही झाला. गोळ्या आवळल्यावर लोक हेरॉइनकडे गेले. मग हेरॉइनमध्ये फेंटानिल आलं, कारखान्यात बनणारं वेदनाशामक. मॉर्फिनच्या शंभरपट, हेरॉइनच्या पन्नासपट जोर. सवय नसलेल्या माणसाला दोन मिलिग्रॅम पुरतात; पोह्यांवर भुरभुरायच्या मिठातले थोडे कण धरा. २०२२ साली अमेरिकेत ओव्हरडोसनं सुमारे १ लाख ८ हजार माणसं गेली, त्यातली दोनतृतीयांशांहून जास्त अशा कारखान्यात बनलेल्या ओपिऑइडनं (अफूच्या जातीच्या औषधांनी).

पोर्टमनचं गाव सिनसिनाटी. तिथं ऑगस्ट २०१६ मध्ये सहा दिवसांत १७४ ओव्हरडोस झाले. हत्तीला भूल द्यायचं कारफेंटानिल मालात मिसळल्याचा संशय होता. त्याच्या महिनाभर आधी त्यानं ऱ्होड आयलंडच्या डेमोक्रॅट सिनेटर शेल्डन व्हाइटहाउसबरोबर आणलेला कायदा झाला होता. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'कारा' म्हणतात. सिनेटमध्ये ९४ विरुद्ध १ मतांनी पास. त्यात धाडी, बंदुका वगैरे काही नाही. उपचारांना अनुदान, पोलीस आणि अग्निशमनवाल्यांच्या हातात नालोक्सोन, आणि डॉक्टरांखेरीज प्रशिक्षित नर्सनाही ब्युप्रेनॉर्फिन (व्यसनावरच्या उपचाराचं औषध) लिहून द्यायची मुभा. वाचताना झोप येईल असा कायदा.

दुसरा मात्र सिनेमासारखा आहे. पोर्टमनच्या उपसमितीच्या लोकांनी गिऱ्हाईक बनून फेंटानिल विकणाऱ्या सहा वेबसाइटवाल्यांशी ईमेलवर बोलणी केली. माल कसा पाठवणार, तर विक्रेतेच सांगतात, सरकारी पोस्टानं मागवा. कारण खासगी कुरिअरला पार्सलची माहिती, म्हणजे कुणी पाठवलं, कुणाला, आत काय, ही आगाऊ कळवायची सक्ती आधीपासून होती. पोस्टाला नव्हती. २०१७ मध्ये अमेरिकेच्या पोस्टात बाहेरून ४९ कोटी ८० लाख पार्सलं आली, आणि अशी माहिती जेमतेम ३६ टक्क्यांची होती. मग 'स्टॉप' कायदा आला, २४ ऑक्टोबर २०१८ ला सही झाली. चीनहून येणाऱ्या शंभर टक्के पार्सलांची माहिती त्याच वर्षाअखेर आणि बाकी सगळ्या जगाची २०२० अखेर मिळालीच पाहिजे, अशी सक्ती.

आता आपल्याकडे या. त्या सहीच्या महिनाभर आधी, सप्टेंबर २०१८ मध्ये, डीआरआयनं (तस्करी पकडणारं केंद्राचं महसूल गुप्तचर खातं) एका बेकायदा प्रयोगशाळेतून नऊ किलोच्या आसपास फेंटानिल पकडलं. कुठे? इंदुरात. सोबत एक मेक्सिकन माणूसही धरला. नऊ किलो म्हणजे नव्वद लाख मिलिग्रॅम, भागिले दोन. पंचेचाळीस लाख माणसं. २०११ च्या जनगणनेत आपलं शहर वीस लाखांचं होतं, म्हणजे अख्खं इंदूर दोनदा मारून वर उरेल. त्या दिवशी आपण चौकाचौकांत 'स्वच्छतेत नंबर वन'चे बोर्ड लावून बसलो होतो.

तर काथ्याकूट यावर करूया: आमदार-खासदार माणसाला या प्रकारात खरोखर काय करता येतं?

⁂

मोरारकर (ग्वाल्हेर)

काका, लेख झकास, पण आमचं ग्वाल्हेर विसरलात. त्या इंदूरच्या धाडीत माल ओळखायला डीआरआयला मदत कुणी केली? आमच्या डीआरडीईच्या शास्त्रज्ञांनी. विषारी वायू आणि रासायनिक अस्त्रांवर काम करणारी संरक्षण खात्याची प्रयोगशाळा आहे ती. साध्या पोलिसी किटचं ते काम नव्हतं. श्वासातून किंवा डोळ्या-तोंडातून पूड गेली तर धाड घालणाराच आडवा व्हायचा.

दुसरं म्हणजे, देशाचे नार्कोटिक्स कमिशनर दिल्लीला बसत नाहीत, इथं ग्वाल्हेरला बसतात. मंदसौर-नीमचच्या शेतकऱ्याचा अफू पिकवायचा परवाना आणि औषध कंपनीला बाहेरून रसायन आणायची ना हरकत, दोन्ही फायली त्याच कार्यालयात. मी मुरारला रोज फिरायला जाताना ती पाटी बघतो. अख्ख्या देशाच्या नशेची चावी इथं आहे हे मला स्वतःला पन्नाशीत कळलं.

⁂

शंकाखोर (इंदूर)

सगळं ठीक, पण एवढं पाल्हाळ कशाला? सिंगापूरसारखं करा. पकडला की लटकवा. दहा लटकले की अकरावा धंदा सोडतो. आणि ही गोळ्यांची नाटकंच बंद करा, ज्या औषधाची नशा होते ते बनवायलाच बंदी. गर्दुल्ल्यांना फुकट पिचकाऱ्या वाटायच्या म्हणजे त्यांना सांगायचं, घ्या बिनधास्त, आम्ही आहोत उठवायला. पोर्टमन का फोर्टमन, त्याला मतं हवी होती.

⁂

काळा_कोट (इंदूर)

शंकाखोरभाऊ, फाशी आपल्या कायद्यात आहेच. एनडीपीएस, म्हणजे १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, त्याचं कलम ३१-अ. मोठ्या मात्रेच्या गुन्ह्यात दुसऱ्यांदा सापडला तर. १९८९ मध्ये ती सक्तीची केली होती. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सक्ती घटनेत बसत नाही म्हटलं, २०१४ च्या दुरुस्तीनं न्यायाधीशाला पर्याय दिला. फाशी कायद्यात असताना मध्ये किती वर्षं गेली आणि माल कमी झाला का, तुम्हीच सांगा.

आता कोर्टात रोज दिसतं ते सांगतो. हेरॉइन पाच ग्रॅमपर्यंत 'अल्प मात्रा', अडीचशे ग्रॅमच्या वर 'व्यापारी मात्रा'. व्यापारी लागली की किमान दहा वर्षं आणि जामीन जवळजवळ विसरा. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की वजन करताना भेसळही धरायची. म्हणजे पुडीत एक भाग माल आणि नऊ भाग चुना असला तरी तराजू दहा भागांचा. कोपऱ्यावर पुड्या विकून स्वतःची एक पुडी सोडवणारं पोरगं त्यात जातं. रसायनशास्त्र शिकलेला, शेड भाड्यानं घेणारा माणूस कोर्टाच्या व्हरांड्यात मला फार क्वचित दिसलाय.

आणि एक कलम कुणी विचारतच नाही. ६४-अ. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यातून त्याला सूट आहे. उपचार पूर्ण करायचा एवढीच अट. हे कलम माझ्या ओळखीच्या किती वकिलांनी वापरलंय, तर बोटं जास्त होतील.

⁂

दांडियाबाजार_वहिनी (बडोदा)

आमच्याकडे दारूबंदी, म्हणून सगळे समजतात गुजरात कोरडा ठणठणीत. ऑगस्ट २०२२ मध्ये सावली तालुक्यातल्या मोक्सी गावातून एटीएसनं सव्वादोनशे किलोच्या आसपास एमडी नावाची नशेची पूड काढली. वरून बघाल तर साधी केमिकलची शेड. आमचे हे अशाच धंद्यात होते (सरळ धंद्यात, हं!), ते म्हणाले, रिॲक्टर तोच, ड्रम तेच, कामगारांना ते काय ढवळतायत ते माहीतही नसतं. डोकेदुखीची गोळी आणि ही पूड यांत फरक फक्त कागदावर काय लिहिलंय त्याचा.

माझं म्हणणं, कोपऱ्यावरच्या पोराला धरण्यापेक्षा ड्रम मोजा. कुठल्या कारखान्यात किती गेला, किती माल बाहेर आला. लोणच्याला कैऱ्या किती आणल्या त्यावरून बरण्या किती भरतील ते मला कळतं, मग खात्याला का कळू नये?

⁂

मनोवैद्य (इंदूर)

वहिनी, हिशेबाचा मुद्दा लाख बोललात. फक्त एमडी, म्हणजे मेफेड्रोन, हे उत्तेजक. ओपिऑइड नव्हे. उपचार वेगळा, धोका वेगळा. भोपाळजवळ बगरोद्याला ऑक्टोबर २०२४ मध्ये ९०७ किलो सापडलं तेही मेफेड्रोनच.

आपल्याकडे ओपिऑइड म्हणजे मुख्यतः हेरॉइनची गलिच्छ बहीण, ब्राउन शुगर, आणि दुकानातल्या गोळ्या. २०१९ च्या एम्सच्या देशव्यापी पाहणीत २.०६ टक्के लोक ओपिऑइड वापरणारे निघाले. पहिला नंबर हेरॉइनचा, मग औषधी गोळ्या-सिरपांचा, आणि पारंपरिक अफू तिसरी. हा क्रम लक्षात ठेवा. पतियाळाचे खासदार धर्मवीर गांधी, स्वतः हृदयरोगतज्ज्ञ, ते संसदेत हेच मांडत आलेत. त्यांचं म्हणणं, १९८५ च्या कायद्यानं अफू-पोस्त आणि हेरॉइन एकाच काठीनं हाकले. मग अफू खाणारा म्हातारा संपला आणि त्याचा नातू पुडीवर आला. त्यांनी खासगी विधेयकही आणलं होतं.

शंकाखोर, पिचकारीबद्दल. नालोक्सोनची नशा होत नाही. उलट ज्याला देतो तो थरथरत, उलट्या करत, शिव्या देत उठतो. 'आहे उठवायला' म्हणून कुणी मजेत जास्त घेत नाही.

⁂

काळा_कोट (इंदूर)

डॉक्टर, खासगी विधेयकाचं काय होतं तेही सांगा लोकांना. स्वातंत्र्यापासून आजवर १४ पास झालीत. शेवटचं १९७० साली. आमच्या खासदाराचा काय दोष, इच्छा असली तरी.

⁂

मोरारकर (ग्वाल्हेर)

दोष कसा नाही? विधेयक एक वेळ जाऊ द्या. प्रश्न तर विचारता येतो. आपल्या मतदारसंघात सरकारी ब्युप्रेनॉर्फिन केंद्रं किती, मंजूर पदं किती, भरलेली किती. स्थायी समितीत बसून अधिकाऱ्यांना घाम फोडता येतो. पोर्टमननं सहा वेबसाइटवाल्यांना ईमेल पाठवून आख्ख्या पोस्ट खात्याला उघडं पाडलं, ते कायदा होण्याच्या आधीच ना? आपल्याकडे समितीचा अहवाल म्हणजे नेत्यांच्या ड्रॉइंगरूमची शोभा.

⁂

शंकाखोर (इंदूर)

माझा मूळ मुद्दा तसाच आहे. फेंटानिल एवढं वाईट, तर बनवूच का द्यायचं? कुणाचं अडतंय त्याच्यावाचून?

⁂

जुना_केमिस्ट (इंदूर)

माझं अडलं होतं, म्हणून लिहितो. हे धाग्यात आणायचं नव्हतं.

१९९९ मध्ये आईला कॅन्सर झाला. हाडात गेलेला. मी औषधवाला, दवा बाजारात अर्ध्या लोकांशी तू-तारी, आणि मला मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या नाहीत. दवाखान्यात साठा नाही, ठोकवाला म्हणाला, भिया, त्याच्या लायसनच्या भानगडीत कोण पडतं, एक गोळी कमी भरली तर दहा वर्षं आत. तो घाबरत होता ते खोटं नव्हतं. १९८५ चा कायदा आल्यानंतर १९९७ पर्यंत आपल्या देशात मॉर्फिनचा वापर ९७ टक्क्यांनी घसरला होता. आणि मॉर्फिन ज्याच्यातून निघतं ती अफू कुठे पिकते? इंदुरातून गाडीनं चार-पाच तासांवर. आपण ती परदेशात पाठवत होतो. आई शेवटचे एकोणीस दिवस पलंगाची पाटी धरून होती. त्या पाटीचा रंग तिच्या बोटांच्या जागी उडालाय. पलंग अजून घरात आहे, काढवत नाही.

२०१४ मध्ये संसदेनं कायद्यात दुरुस्ती केली. 'अत्यावश्यक नार्कोटिक औषधं' असा वेगळा गट केला, म्हणजे राज्याराज्यांचे वेगवेगळे परवाने जाऊन देशभर एकच नियम. त्या यादीत मॉर्फिन आहे आणि फेंटानिलही आहे. दोन वर्षांनी सौ.ला तेच दुखणं झालं. डॉक्टरांनी पट्टी दिली. पारदर्शक, टपाल तिकिटाहून थोडी मोठी. खांद्याखाली चिकटवायची, बहात्तर तासांनी बदलायची. वापरलेली पट्टी चिकट बाजू आत करून दुमडायची, कारण तिच्यात औषध उरलेलं असतं आणि घरात नातू होता. मी कॅलेंडरवर वार लिहून ठेवायचो. तिसऱ्या पट्टीला ती म्हणाली, आज भरीत खाईन. वांगं मी भाजलं, जरा जळलंच.

ती पट्टी म्हणजे फेंटानिल, शंकाखोर. एका कायद्यानं आईचं औषध नेलं आणि एका दुरुस्तीनं बायकोचं आणलं. दोन्ही संसदेतच झालं. दुरुस्तीच्या दिवशी सभागृहात कोण बोललं, कोण नाही, मला माहीतही नव्हतं. टीव्हीवर काहीच दाखवलं नसेल.

⁂

शंकाखोर (इंदूर)

काका, माफ करा. बंदीचं मागे घेतो. फाशीचं नाही.

⁂

दांडियाबाजार_वहिनी (बडोदा)

काका, 🙏

⁂

नाव_नको (इंदूर)

मी इथं फक्त वाचते. आज लिहितेय, आयडीसुद्धा आजच काढला.

माझा धाकटा भाऊ, २९ वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी बायपासला गाडीवरून पडला, पाठीला लागलं. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या ट्रॅमाडॉल, म्हणजे दुखण्यावरच्या गोळ्या, दिल्या. दहा दिवसांनंतर तो स्वतः आणायला लागला. आधी ओळखीच्या दुकानातून, मग ते देईनासे झाल्यावर लांबून. मग पैसे पुरेनात म्हणून पावडर. कुणीतरी त्याला सांगितलं की पावडर स्वस्त पडते.

मला कळलं कसं ते सांगते. पोळ्या गुंडाळायची फॉइल. महिन्याला एक रोल लागायचा, तो आठवड्यात संपायला लागला. मी बाईंवर ओरडले. मग एक दिवस गच्चीत पाण्याच्या टाकीमागे फॉइलचे तुकडे सापडले, मधोमध तपकिरी रेघ ओढल्यासारखी. त्या बाईंची माफी मागायला गेले तर त्या म्हणाल्या, ताई मला आधीच माहीत होतं, माझा पुतण्या असाच गेला.

दोनदा एका खासगी केंद्रात ठेवला. नाव लिहित नाही. पहिल्यांदा तीन महिने, बाहेरून कुलूप, फोन बंद, मारायचे म्हणतो. बाहेर आला आणि चौथ्या दिवशी बाथरूममध्ये सापडला. ओठ निळे, तुमच्या भाचीनं सांगितलं तसेच. नशिबानं एम.वाय. जवळ होतं. आता तो स्वतःच म्हणतो ताई, सोडायचंय, पण त्या जागी पाठवू नको. काय करू?

⁂

मनोवैद्य (इंदूर)

ताई, चौथ्या दिवशी जे झालं ते योगायोगानं नाही. तीन महिने बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडते, आणि डोक्यात मात्र जुनाच डोस असतो. तोच घेतला की श्वास थांबतो. कोंडून 'साफ' करून सोडलेला माणूस पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यात जास्त धोक्यात असतो. हे केंद्र चालवणाऱ्यांना माहीत असायला हवं होतं.

त्याला ब्युप्रेनॉर्फिनवर ठेवता येईल. जिभेखाली ठेवायची गोळी असते. मेंदूत हेरॉइन जिथं चिकटतं त्याच जागी ती चिकटते, पण अर्ध्याच जोरानं, आणि जागा सोडत नाही. त्यामुळे तडफड थांबते, वर नशा चढत नाही, आणि माणूस सकाळी गोळी घेऊन कामाला जातो. महिनोन् महिने, लागलं तर वर्षानुवर्षं. मधुमेहवाला गोळी घेतो, आपण त्याला 'अजून सुटली नाही का' विचारतो का? सरकारी केंद्रांत ही फुकट मिळते. १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा टोल फ्री नंबर, तिथं जवळचं केंद्र विचारा. मला व्यक्तिगत निरोप केलात तर मीही सांगतो कुठे जायचं.

⁂

जुना_केमिस्ट (इंदूर)

डॉक्टर, वाद घालत नाही, पण ब्युप्रेनॉर्फिनच्या इंजेक्शनसाठीच माझ्या दुकानावर पोरं येत होती. हातात नस उरलेली नाही, पायाला टोचून घेणारी. एका नशेवर दुसरी देताय असं मला तेव्हाही वाटायचं.

⁂

मनोवैद्य (इंदूर)

काका, ते इंजेक्शन आणि ती पोरं मीही पाहिलीत. केंद्रात गोळी समोर जिभेखाली ठेवायला लावतात, विरघळेपर्यंत बसवतात. घरी न्यायची असेल तर तिच्यात नालोक्सोन मिसळलेलं असतं. जिभेखाली ते निकामी, पण कुणी विरघळवून टोचलं तर तेच आडवं येतं. फसवणारे त्यातूनही फसवतात. पण मेलेला माणूस फसवायलाही येत नाही.

तुमच्या पोर्टमननं पहिल्या कायद्यात याच गोळीची वाट थोडी मोकळी केली होती. २०२२ च्या अखेरीस तिथं डॉक्टरांना लागणारा खास परवानाही काढून टाकला. २०२४ मध्ये तिथले मृत्यू ८० हजारांच्या आसपास उतरले. श्रेय एकट्या कशाला देता येणार नाही, मीही देत नाही.

⁂

जुना_केमिस्ट (इंदूर)

पटलं. अर्धं पटलं म्हणा.

ताई, तुम्ही 'ओळखीच्या दुकानातून' लिहिलंत ते वाचून रात्री झोप लागली नाही. २०१४ पासून ट्रॅमाडॉल एच-वन यादीत आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, रजिस्टरात पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहायचं, रजिस्टर तीन वर्षं जपायचं. एप्रिल २०१८ मध्ये ते एनडीपीएसखालीही आलं. मी रजिस्टर ठेवत होतो. आणि त्यात जवळच्या कुठल्याही डॉक्टरचं नाव ठोकून पट्ट्या दिल्याही आहेत. सगळ्यांनी दिल्यात. 'ओळखीचा आहे, पाठ दुखतेय, कुठे पाचशे रुपये फी भरायला लावू' असं स्वतःला सांगायचं. ड्रग इन्स्पेक्टर येऊन पानं उलटून चहा पिऊन जायचा. रजिस्टर इतकं सुवाच्य होतं की त्यालाही कौतुक.

पोर्टमनच्या पार्सलच्या कायद्यात मला हेच दिसलं. माहिती भरायची सक्ती झाली, तर माहिती भरली गेली. खरी किती? चीननं मे २०१९ मध्ये सगळ्या फेंटानिल-जातीवर बंदी घातली, तसा तयार माल थांबून कच्ची रसायनं मेक्सिकोकडे वळली आणि तिथं गोळ्या बनायला लागल्या. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेनं फेंटानिलसारख्या सगळ्या रेणूंना कायमचं सर्वात कडक यादीत टाकलं. तोवर बाजारात नायटाझीन आलेलं. वेगळंच कुळ, काही प्रकार फेंटानिलहून जोरदार. रोग हाल्याला आणि औषध पखालीला.

⁂

दांडियाबाजार_वहिनी (बडोदा)

आणि आपण पाठवणारे! फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या एका कंपनीच्या टॅपेंटाडॉल-कॅरिसोप्रोडॉल या वेदनाशामक मिश्रणाच्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत पोरं नशेला खातात हे बीबीसीनं दाखवलं. मग आपल्या औषध नियंत्रकांनी त्या मिश्रणाच्या उत्पादनाचे आणि निर्यातीचे परवाने मागे घ्यायला सांगितले. बातमी बाहेरच्यांनी केली तेव्हा. आपल्याकडे ड्रम मोजणारं कुणी नव्हतं का? मी माझ्या कैऱ्यांवर ठाम आहे.

⁂

काळा_कोट (इंदूर)

@नाव_नको ताई, भावाला नेताना भीती असेल पोलिसांची, तर वर लिहिलेलं ६४-अ लक्षात ठेवा. केंद्रातला केसपेपर आणि रोजच्या हजेरीचं कार्ड जपून ठेवायला सांगा. काही झालंच तर मला निरोप करा, फी नाही.

⁂

नाव_नको (इंदूर)

सगळ्यांचे आभार. १४४४६ ला लावला, दुसऱ्या वेळी लागला. केंद्र मिळालं. डॉक्टरांशीही बोलले. त्यांनी सांगितलं, शेवटचं घेऊन निदान बारा तास होऊ द्या, त्रास सुरू झाल्याशिवाय पहिली गोळी द्यायची नसते, नाहीतर उलटते. हे आधीच्या केंद्रात कुणी सांगितलंच नव्हतं. तो काल रात्री साडेनऊला शेवटचं घेऊन बसलाय, माझ्यासमोर. मला बघवत नव्हतं, पण बसले.

काका, तुम्ही ते रजिस्टरचं लिहिलंत. राग आला होता. आता नाहीये, किंवा कमी आहे.

⁂

जुना_केमिस्ट (इंदूर)

असू दे राग. किती वाजता निघताय? काल दवा बाजारात नालोक्सोन विचारत फिरलो. तीन दुकानांत नव्हतं, चौथ्यात दोन ॲम्प्यूल मिळाले. तिथल्या डॉक्टरांना दाखवून घ्या, कसं द्यायचं तेही शिकून घ्या. सुदामा नगरला येऊन देतो, किंवा केंद्राबाहेर उभा राहतो.

⁂

मनोवैद्य (इंदूर)

स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका. रिक्षा करा. सोबत पाणी आणि एक जादा शर्ट ठेवा.

⁂

नाव_नको (इंदूर)

रिक्षा बोलावलीय. पहाटेपासून जांभया आणि नाक वाहतंय, अंगावर काटा. त्याला रजईतसुद्धा थंडी वाजतेय आणि पंखाही हवाय. काका, केंद्राबाहेरच या, साडेदहापर्यंत पोचू. निघतोय.